पासंग

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी
एफ्रेम पार्डी वजनकाट्यावर चढतो.
न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर, खडकाच्या खाचेत त्याचं गाव:
बावीस घरं, त्यातली नऊ उघडी.
मी इथे गँडरला, तिसऱ्या मजल्यावर.
माझ्यासमोर एक्केचाळीस माणसं
आकडे होऊन उगवतात,
नाडी, रक्तदाब, बोटाच्या टोकावरचा प्राणवायू
आणि वजन.

वजन महत्त्वाचं. थकलेल्या हृदयाला
पाणी उपसवत नाही. ते साचतं
आधी घोट्यांशी, मग पोटऱ्यांत,
मग एका रात्री छातीवर येऊन बसतं.
दोन दिवसांत किलोभर वाढलं
की मी फोन करायचा, असा नियम.
हे समजावलं तेव्हा तो हसला होता:
पोरी, होडीत पाणी शिरलंय
हे मला काट्याने सांगायचं?

तीस वर्षं त्याने कॉड तोलून दिला,
खारवलेला, फळीसारखा कडक,
व्यापाऱ्याच्या धक्क्यावर.
दांडी कशी मारतात ते त्यानेच शिकवलं मला.
अंगठा नाही लावायचा, अंगठा दिसतो.
बाही टेकवायची. नुसती बाही.
"त्या एका बाहीत आमचे किती हिवाळे गेले
ते तूच मोज."
मग मासाच संपला. सरकारने समुद्राला कुलूप घातलं.
मुलगा पश्चिमेला गेला, तेलाच्या कामावर.
व्हायोला वर टेकडीवर, पांढऱ्या कुंपणात.
उरला हा काचेचा काटा,
स्वयंपाकघरात, टेबलाला लागून.

फेब्रुवारी.
मंगळवारी एक्क्याण्णव पूर्णांक चार.
बुधवारी तेच. गुरुवारी तेच.
पडद्यावर त्याचं नाव हिरवंगार.
पण जिवंत माणूस इतका स्थिर नसतो,
थोडं तरी हलतोच.
मी फोन लावला.
एरवी हा माणूस एका दमात
अख्ख्या वादळाची गोष्ट सांगायचा.
आज "बरं आहे" म्हणताना
मधे थांबला,
बरं. आणि. आहे.

काल रात्री काय जेवलात?
शेजारच्या ड्युलसीने खारं मांस दिलं होतं. थोडंसं.
मिस्टर पार्डी, म्हटलं,
तुमची बाही कुठे आहे?

बराच वेळ फक्त किटली ऐकू आली.
"टेबलावर," तो म्हणाला.
"बाही नाही. दोन बोटं."
आणि मग, मी न विचारता:
"ऑगस्टस टल्कला हेलिकॉप्टरने नेलं.
परत बोटीने आणलं. आडवा."

हात वर करा, म्हटलं. दोन्ही.
दरोडा पडल्यासारखे.
चौऱ्याण्णव पूर्णांक एक.

डॉक्टरांना गाठलं, पाण्याची गोळी वाढवली,
ड्युलसीला म्हटलं, रात्री तिथेच झोप,
ओठ निळे दिसले तर मात्र
त्याचं काही ऐकायचं नाही.
अकराला फोन. एकला फोन.
पहाटे चारला त्याचाच आला:
"सात वेळा उठलो, पोरी.
ओहोटी लागली."

मी हसले, आणि मग मला
बर्निस फोलेट आठवली.
तिचे आकडे शेवटपर्यंत हिरवे होते.
तिला मी त्या आठवड्यात फोन केला नव्हता,
कारण नियमात बसत नव्हतं.
हे मी त्याला सांगितलं. का, माहीत नाही.
तो म्हणाला, काटा खोटा नसतो गं,
रिकामा असतानाच एका अंगाला कललेला असतो.
म्हणून हलक्या पारड्याखाली
आम्ही दगडाचा तुकडा बांधायचो. पासंग.
कुणाच्या हिशोबात धरत नाहीत तो,
पण काढून बघ.

तेव्हापासून वजन येण्याआधी
त्याचा आवाज येतो: "हात वर."
तिथे कॅमेरा नाही. मी बघू शकत नाही.
सात वाजून दहा मिनिटांनी
गँडरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
शेजारच्या खुर्चीवरची रोवीना विचित्र बघते तरी
मीही माझे कोपर
टेबलावरून उचलते.